एकशे चव्वेचाळीस जागा

नमस्कार.

मला विषय देताना आयोजकांनी सांगितलं होतं, "ताई, अमेरिकेतल्या त्या नव्या मुलींबद्दल बोला, ज्यांनी व्यावसायिक लीगमध्ये पहिल्याच वर्षी नाव काढलं." समोर बसलेल्या मुलींपैकी निम्म्यांना ती नावं तोंडपाठ असतील. केटलिन क्लार्क, एंजल रीस, पेज बेकर्स. सराव संपला की एका फोनभोवती घोळका करून तुम्ही त्यांचे बास्केट बघता, ते मी रोज पाहते. म्हणून आज मी बास्केटपासून सुरुवात करणार नाही. तारखांपासून करते.

७ एप्रिल २०२४, रविवार. क्लीव्हलंडमध्ये महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना. आयोवा विद्यापीठ विरुद्ध साउथ कॅरोलायना. अमेरिकेत हा सामना टीव्हीवर एक कोटी ऐंशी लाखांहून जास्त लोकांनी पाहिला, त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त. क्लार्कनं ३० गुण केले आणि तिचा संघ हरला. चार वर्षांत मिळून ३,९५१ गुण करून तिचं कॉलेज संपलं.

१५ एप्रिल, म्हणजे आठ दिवसांनी, ब्रुकलिनमध्ये व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड. पहिलं नाव तिचं. संघ इंडियाना फीव्हर.

१४ मे. पहिला व्यावसायिक सामना, कनेक्टिकटविरुद्ध, त्यांच्या मैदानावर.

मोजा. कॉलेजचा शेवटचा सामना आणि व्यावसायिक पहिला सामना यांच्यात पाच आठवडे आणि दोन दिवस. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत कॉलेजचा पूर्ण हंगाम अंगावर घेतलेली, अंतिम सामन्यात हरलेली बावीस वर्षांची मुलगी. तिनं शहर बदलायचं, नव्या प्रशिक्षकांच्या हाताखाली जायचं, नवे डावपेच पाठ करायचे. कॉलेजात चेंडू हातात आल्यावर शॉट घ्यायला ३० सेकंद मिळतात, इथे २४. आणि समोर उभी असते ती अकरा-बारा वर्षं हेच काम करून त्यावर घर चालवणारी बाई. इथल्या आयांना मी विचारते, बारावीची परीक्षा संपल्यावर तुम्ही मुलीला किती दिवस झोपू देता? या मुलींना ते दिवसच मिळत नाहीत.

असं का, हे समजायला लीगची कुंडली थोडी उघडावी लागेल. डब्ल्यूएनबीए, म्हणजे ही महिलांची लीग, स्थापन झाली १९९६ मध्ये, पहिला सामना झाला २१ जून १९९७ ला. न्यूयॉर्क लिबर्टीनं लॉस एंजलिस स्पार्क्सला ६७-५७ असं हरवलं. सुरुवातीला आठ संघ होते. पुरुषांच्या एनबीए लीगनंच ही लीग उभी केली होती आणि एनबीए हिवाळ्यात चालते. स्टेडियम रिकामी असतात उन्हाळ्यात, टीव्हीवर जागा असते उन्हाळ्यात. म्हणून महिलांचा हंगाम उन्हाळ्यात बसवला गेला. कॉलेजचा हंगाम मात्र वसंतात संपतो. या दोन वेळापत्रकांच्या मधल्या फटीतून दरवर्षी नव्या मुली आत येतात. पुरुषांच्या लीगमध्ये ड्राफ्ट जूनमध्ये आणि हंगाम ऑक्टोबरमध्ये. तिथल्या नव्या मुलाला मधे चार महिने मिळतात.

ज्यांनी फक्त आयपीएल पाहिलंय त्यांच्यासाठी ड्राफ्टबद्दल दोन शब्द. हा लिलाव नाही. इथे बोली लागत नाही. संघ पाळीपाळीनं एकेक नाव घेतात आणि आधीच्या काळात मागे पडलेल्या संघांना आधी निवडायची संधी मिळते. कितव्या क्रमांकावर नाव आलं त्यावर पगार आधीच ठरलेला असतो. २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या मुलीचा पहिल्या वर्षाचा पगार होता ७६,५३५ डॉलर. त्याच सुमाराला पुरुषांच्या लीगमध्ये पहिल्या क्रमांकाच्या मुलाचा पहिल्या वर्षाचा पगार सव्वा कोटी डॉलरच्या घरात होता. क्लार्कला बुटांच्या आणि जाहिरातींच्या करारातून वेगळे पैसे मिळाले, पण ते क्लार्कला. तिसाव्या क्रमांकाच्या मुलीला बुटांची कंपनी विचारत नाही.

तिसाव्या क्रमांकाबद्दल बोलते, कारण माझ्या व्याख्यानाचं नाव तिथूनच आलंय. २०२४ पर्यंत लीगमध्ये बारा संघ होते आणि एका संघात जास्तीत जास्त बारा खेळाडू. बारा बारे एकशे चव्वेचाळीस. जगातल्या सगळ्यात मोठ्या महिला लीगमध्ये एवढ्याच जागा. काही संघ तर पगाराची मर्यादा सांभाळायला अकराच खेळाडू ठेवायचे. ड्राफ्ट तीन फेऱ्यांचा, प्रत्येक फेरीत बारा नावं, म्हणजे छत्तीस मुली दरवर्षी दारात यायच्या. आतल्या कुणी सहज उठत नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये टीव्हीवर टोपी घालून, आईला मिठी मारून फोटो काढलेल्या कित्येक मुलींची नावं मेच्या दुसऱ्या आठवड्यात, हंगामाचा चेंडू उडायच्या आत, यादीतून काढली जातात. याला तिथे 'वेव्ह' करणं म्हणतात. छोटासा शब्द आहे. सोळा वर्षांची मेहनत त्या शब्दाबरोबर जाते.

मला ती वेळ ठाऊक आहे. एकोणीस वर्षांची असताना मी नोकरीच्या ट्रायलला गेले होते. जागा दोन आणि मुली साठ. दुपारी एका कागदावर नावं लागली, त्यात माझं नव्हतं, आणि आम्ही सगळ्या जणी एकाच बसनं स्टेशनला परतलो. बसमध्ये कुणी काही बोललं नाही. आमच्यात निवड झालेली एक मुलगी होती. ती तर खाली मान घालून बसली होती, जणू तिचंच काही चुकलं होतं. तेव्हापासून कुठल्याही लीगची यादी बघताना माझी नजर आधी शेवटच्या नावावर जाते.

२०२५ मध्ये गोल्डन स्टेटचा तेरावा संघ आला, २०२६ साठी टोरांटो आणि पोर्टलंडची घोषणा झाली. जागा वाढताहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पोर्टलंडकडे मी पुन्हा येईन.

आता सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा किताब, म्हणजे 'रुकी ऑफ द इयर'. हा १९९८ पासून देतात. पहिला मिळाला शार्लटच्या ट्रेसी रीडला. १९९७ मध्ये तो दिला नाही, कारण लीगच नवी होती, त्या वर्षी सगळ्याच नव्या होत्या. आणि त्या सगळ्या नव्यांमध्ये एक होती चौतीस वर्षांची. ह्यूस्टनची सिंथिया कूपर. अमेरिकेत लीग नव्हती म्हणून तिनं उमेदीची वर्षं स्पेन आणि इटलीत खेळून काढली. घरच्या लोकांसमोर खेळायला मिळालं तेव्हा तिच्या वयाच्या बहुतेक जणी निवृत्त झाल्या होत्या. त्या हंगामात जुलैमध्ये तिनं एका सामन्यात ४४ गुण केले, संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं आणि लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. हा ४४ चा आकडा लक्षात ठेवा.

या किताबाची यादी मी इथे वाचत बसणार नाही. मला एकाच वर्षाच्या ड्राफ्टमधल्या दोन मुलींबद्दल सावकाश बोलायचंय. वर्ष २००१. पहिलं नाव ऑस्ट्रेलियाच्या लॉरेन जॅक्सनचं. तिसरं नाव तमिका कॅचिंग्ज. चौथं नाव जॅकी स्टाइल्स.

जॅकी कॅन्सस राज्यातल्या क्लॅफ्लिन नावाच्या गावची. गावाची वस्ती हजाराच्याही आत. शाळेत असताना ती दिवसाला हजार बास्केट करायची. हजार शॉट मारायची असं मी म्हणत नाहीये, हजार पडेपर्यंत मारत राहायची. मुलींनो, आपण इथे शंभर शॉट मारून घड्याळ बघतो. नंतर ती मिझुरीतल्या एका फारशा नाव नसलेल्या विद्यापीठात गेली. २००१ मध्ये त्या संघाला तिनं देशातल्या शेवटच्या चार संघांत नेलं आणि ३,३९३ गुणांवर कॉलेज संपवलं. महिलांमध्ये तेव्हाचा तो राष्ट्रीय विक्रम होता आणि तो मोडायला सोळा वर्षं लागली. ड्राफ्टमध्ये तिला पोर्टलंड फायर संघानं घेतलं. पहिल्या वर्षी सामन्यामागे जवळजवळ पंधरा गुण. किताब तिला. उंचीनं लहान, गोरीपान, केस मागे घट्ट बांधलेली ही मुलगी बघायला शाळकरी पोरी आईबापांना ओढत आणायच्या.

दुसऱ्या वर्षी शरीरानं हिशेब मागितला. खांदा, मनगट, घोटा, एकामागून एक. पुढच्या काळात तिच्यावर डझनभराहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. २००२ च्या हंगामानंतर पोर्टलंडचा संघच बंद पडला आणि जॅकी त्या लीगमध्ये पुन्हा कधी खेळली नाही. दोन हंगाम. तिच्या नावाला 'रुकी ऑफ द इयर' हा किताब आहे आणि त्याच्या पुढचं पान कोरं आहे. तिच्या दुखापतींचं खापर कुठल्या एका गोष्टीवर फोडता येत नाही आणि मी फोडणार नाही. पण एवढं नक्की म्हणेन, की अंतिम चारच्या सामन्यांपर्यंत धावलेल्या त्या मुलीच्या शरीराला विश्रांती द्यायची सोय त्या वेळापत्रकात कुठेच नव्हती.

आता तमिका. तिला जन्मापासून कमी ऐकू येतं. लहानपणी श्रवणयंत्र लावून शाळेत जायची, मुलं चिडवायची. एके दिवशी तिनं ते काढून गवतात भिरकावून दिलं. आईवडिलांनी नवं घेऊन दिलं नाही. मग ती ओठ वाचायला शिकली, वर्गात पुढे बसायला शिकली आणि मैदानावर डोळ्यांनी ऐकायला शिकली. पुढे टेनेसी विद्यापीठात पॅट समिट या थोर प्रशिक्षिकेनं समजूत घालून तिला पुन्हा यंत्र लावायला लावलं. तिच्या बचावाबद्दल बोलताना लोक नेहमी म्हणतात की पास कुठे जाणार हे तिला आधीच दिसायचं. मला यात जादू दिसत नाही. जिला हाका ऐकू येत नाहीत तिला खांद्यांची आणि डोळ्यांची भाषा शिकावीच लागते. तमिका लहानपणापासून रोज ती शिकत होती.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, जानेवारी २००१ मध्ये, तमिकाच्या गुडघ्याचं एसीएल लिगामेंट तुटलं. तरी इंडियानानं तिला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं. तिथल्या लोकांचा हा निर्णय मला फार मोठा वाटतो. ती यंदा एक मिनिटही खेळणार नाही हे माहीत असून त्यांनी तिच्यासाठी निवडीची पाळी खर्च केली आणि तिला वर्षभर बरी होऊ दिली. ज्या उन्हाळ्यात जॅकी पोर्टलंडमध्ये टाळ्या घेत होती, त्या उन्हाळ्यात तमिका बाजूला बसून बघत होती. एका अर्थी त्या पिढीत तिलाच विश्रांती मिळाली, तीही गुडघा मोडल्यामुळे.

२००२ मध्ये ती मैदानात उतरली. सामन्यामागे १८.६ गुण, ८.६ रिबाउंड म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू, जवळजवळ चार असिस्ट म्हणजे ज्यावर सहकारी बास्केट करते ते पास, जवळजवळ तीन स्टील म्हणजे समोरच्यांकडून हिसकावलेले चेंडू. संघात जे काम शिल्लक असेल ते ती करत होती. इंडियाना त्या वर्षी पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेली आणि किताब तमिकाला मिळाला. पुढे २०१६ पर्यंत ती त्याच एका संघासाठी खेळली. पाच वेळा सर्वोत्तम बचावपटू, २०११ मध्ये लीगची सर्वोत्तम खेळाडू, २०१२ मध्ये अजिंक्यपद, ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं.

तिसरं नाव आणि चौथं नाव. एकीचं पहिलं वर्ष वेळेवर आलं, एकीचं एक वर्ष उशिरा. मी तुमच्यासमोर उभी राहून ठामपणे सांगते, की तमिकाच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोलाचं वर्ष ती न खेळलेलं वर्ष होतं. इथे अनेक पालक बसलेत. मुलीचा घोटा सुजलेला असताना "ताई, ही निवड चाचणी चुकली तर पुढे काय" असं विचारत तुम्ही माझ्याकडे येता. तुमची भीती मला कळते. पण त्या वेळी या दोघींची नावं आठवा.

कँडेस पार्करबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. २००८. कॉलेजच्या स्पर्धेत उपांत्य फेरीच्या आधीच्या सामन्यात तिचा डावा खांदा निखळला. तो बसवून ती परत खेळली आणि टेनेसीला विजेतेपद मिळवून दिलं, ८ एप्रिलला. ९ एप्रिलला ड्राफ्ट. दुसऱ्या दिवशी! पहिलं नाव तिचं, संघ लॉस एंजलिस. १७ मे रोजी पहिला सामना फिनिक्सशी, जो आदल्या वर्षीचा अजिंक्य संघ होता. त्या सामन्यात ३४ गुण, १२ रिबाउंड, ८ असिस्ट. ऑगस्टमध्ये बीजिंगला ऑलिंपिक सुवर्ण. हंगाम संपला तेव्हा नवोदितांचा किताब तिला आणि लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताबही तिलाच. हे दोन्ही एकाच वर्षी घेणारी या लीगच्या इतिहासात ती एकटी आहे. आजवरचं सर्वोत्तम पहिलं वर्ष कुणाचं, असं विचाराल तर माझं उत्तर पार्कर. त्या वर्षी तिच्या बाजूला लिसा लेस्ली होती, हेही सांगायला हवं. लीगच्या पहिल्या दिवसापासून खेळणारी, बाळंतपणानंतर परत आलेली लेस्ली. नव्या मुलीच्या खांद्यावर सगळा भार पडू नये म्हणून आपला खांदा देणारी जुनी खेळाडू संघात असणं, हे नशीब सगळ्यांना मिळत नाही.

आणि वर्ष तिथे संपतही नाही, हे मुलींना ठाऊक असावं. पगार कमी म्हणून वर्षानुवर्षं या खेळाडू उन्हाळा संपला की तुर्कस्तान, रशिया, चीन गाठायच्या. २००४ ची सर्वोत्तम नवोदित डायना तौरासी २०१५ चा अमेरिकेतला अख्खा हंगाम खेळली नाही, कारण तिच्या रशियन क्लबनं तिला विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले. विश्रांतीला किंमत असते हे त्या क्लबनं आकड्यात सांगितलं. २०१६ ची सर्वोत्तम नवोदित ब्रिआना स्टुअर्ट २०१९ च्या एप्रिलमध्ये युरोपातला अंतिम सामना खेळताना टाचेचा स्नायुबंध तोडून बसली आणि अमेरिकेतला हंगाम गेला.

क्रिस्टल डेंजरफील्डचं नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय? दोन हात वर. बरं. ही पाच फूट पाच इंचांची गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणारी खेळाडू. इथल्या ज्या मुलींना वाटतं की आपण बुटक्या आहोत, त्यांनी हे नाव वहीत लिहून घ्या. २०२० च्या ड्राफ्टमध्ये तिचा क्रमांक सोळावा, म्हणजे दुसरी फेरी. करोनाचं वर्ष. सगळी लीग फ्लोरिडातल्या ब्रेडन्टनमध्ये एका क्रीडा संकुलात बंद करून ठेवली होती, २२ सामन्यांचा हंगाम, प्रेक्षक नाहीत. रिकाम्या मैदानात क्रिस्टलनं मिनेसोटासाठी सामन्यामागे सोळाहून जास्त गुण केले आणि किताब घेतला. दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ.

मे २०२२ मध्ये, तिसरा हंगाम सुरू व्हायच्या वेळी, मिनेसोटानं तिला यादीतून काढलं. वेव्ह. पुढे ती इंडियानाकडून खेळली, मग त्याच वर्षी न्यूयॉर्ककडून. किताब घरात, आणि खेळायला जागा शोधत एका उन्हाळ्यात तीन शहरं. एकशे चव्वेचाळीस या आकड्याचा अर्थ मला कुठल्याही तक्त्यापेक्षा तिच्या त्या उन्हाळ्यानं जास्त समजावला.

आता तुमच्या ओळखीच्या नावांकडे. रीसला आधी घेते, कारण क्लार्कच्या गोंगाटात तिच्यावर नेहमी अन्याय होतो. एंजल रीस, २०२४, सातव्या क्रमांकावर शिकागोनं घेतलेली. तिच्याबद्दल बोलणारे लोक तिच्या पापण्यांबद्दल बोलतात, कपड्यांबद्दल बोलतात, क्लार्कशी असलेल्या चुरशीबद्दल बोलतात. मी तिच्या रिबाउंडबद्दल बोलते. सामन्यामागे १३.१. लीगच्या इतिहासात तोवर कुठल्याच हंगामात कुणाची सरासरी इतकी नव्हती. सलग पंधरा सामन्यांत गुण आणि रिबाउंड दोन्ही दुहेरी आकड्यात. सलग तीन सामन्यांत वीस किंवा जास्त रिबाउंड. रिबाउंड म्हणजे काय, हे प्रेक्षकांमधल्या आजोबांना सांगते: चुकलेला शॉट कुणाचाच नसतो, तो ज्याला हवा असतो त्याचा होतो. रीस स्वतःचा चुकलेला शॉट पकडायची, पुन्हा मारायची, पुन्हा चुकला तर पुन्हा पकडायची. यावर लोक हसले, की ही स्वतःच चुकते आणि स्वतःच रिबाउंड वाढवते. अहो, चुकल्यावर दुसऱ्यांदा उडी मारणारी मुलगी मला द्या, मी तिला घेऊन कुठल्याही स्पर्धेला जाईन. सप्टेंबरमध्ये मनगटाला फ्रॅक्चर झालं आणि तिचा हंगाम थोडा आधीच संपला.

क्लार्क. सामन्यामागे १९.२ गुण, ८.४ असिस्ट. जुलैमध्ये न्यूयॉर्कविरुद्ध १९ गुण, १२ रिबाउंड, १३ असिस्ट, तिन्ही दुहेरी आकड्यात, म्हणजे ट्रिपल-डबल, नवोदित खेळाडूनं केलेला लीगमधला पहिला. अकरा दिवसांनी डॅलसविरुद्ध एका सामन्यात १९ असिस्ट, हा तर लीगचा सार्वकालिक विक्रम. हंगामात एकूण ३३७ असिस्ट, तोही तेव्हाचा विक्रम. वॉशिंग्टनमध्ये इंडियानाचा सामना बघायला २०,७११ माणसं आली. पहिल्या नऊ सामन्यांत एकच जिंकलेला तिचा संघ हंगाम संपताना २० विजय, २० पराभवांवर होता आणि २०१६ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये होता. मतदानात ६७ पैकी ६६ मतं तिला मिळाली, उरलेलं एक रीसला.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. जे फोनवरच्या तुकड्यांत दिसत नाही ते सांगते. त्याच हंगामात क्लार्कच्या नावावर २२३ टर्नओव्हर आहेत. टर्नओव्हर म्हणजे चेंडू घालवणं, पास चुकणं, हातातून निसटणं. एका हंगामात इतके टर्नओव्हर लीगमध्ये त्याआधी कुणी केले नव्हते. सगळ्यात जास्त असिस्ट आणि सगळ्यात जास्त टर्नओव्हर, एकाच मुलीचे, एकाच वर्षी. मला हे दोन आकडे वेगळे करता येत नाहीत. ती अर्धी रेषा ओलांडायच्या आधीच दोघी तिच्या अंगावर यायच्या. त्या दोघींच्या हातांमधून जो पास काढायचा, तो कॉलेजात निघत होता. इथे हात लांब होते आणि एक पाऊल आधी यायचे. ती तो पास टाकत राहिली. सहकारी कुठे असेल हे तिला कळत होतं, सहकाऱ्यांना मात्र पास येणार हे कळायला जूनचा महिना लागला. आदल्या वर्षी एकमतानं सर्वोत्तम नवोदित ठरलेली अलिया बॉस्टन त्याच संघात होती. सुरुवातीला क्लार्कचे पास बॉस्टनच्या बोटांना लागून बाहेर जायचे. ऑगस्टपर्यंत तेच पास तिच्या तळहातात बसू लागले. ऑलिंपिकच्या सुट्टीनंतर संघानं चौदापैकी नऊ सामने जिंकले. हो, सुट्टीनंतर! महिनाभराची सुट्टी, क्लार्कला कित्येक महिन्यांत मिळालेली पहिली.

पुढच्या वर्षी ती दुखापतींमुळे तेराच सामने खेळली. जॅकीची आठवण मला तेव्हा झाली आणि पोटात गोळा आला. ती बरी होऊन खूप वर्षं खेळो.

त्या २०२५ मध्ये पेज बेकर्स आली. हिचंही एसीएल कॉलेजात तुटलं होतं, एक वर्ष पूर्ण गेलं होतं. ६ एप्रिलला कनेक्टिकट विद्यापीठासाठी विजेतेपद, १४ एप्रिलला ड्राफ्टमध्ये पहिलं नाव, संघ डॅलस. सामन्यामागे १९.२ गुण. २० ऑगस्टला लॉस एंजलिसविरुद्ध तिनं २१ पैकी १७ शॉट टाकले आणि ४४ गुण केले. लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा हाच. अठ्ठावीस वर्षांनी सिंथिया कूपरच्या बरोबरीनं एक नवी मुलगी उभी राहिली. कूपर चौतीसची होती, बेकर्स तेवीसची. डॅलस तो सामना ८०-८१ असा हरलं. संपूर्ण हंगामात डॅलसचे विजय दहा, पराभव चौतीस. पहिल्या क्रमांकाच्या मुलीच्या नशिबी बहुधा हरणारा संघ येतो, ड्राफ्टची रचनाच तशी आहे. आयुष्यभर जिंकत आलेल्या मुलीनं रोज हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला यायचं, हे पहिल्या वर्षाचं खरं काम. त्याचा आकडा कुठे छापत नाहीत.

आपल्याकडून त्या दारापर्यंत कुणी गेलं का, हा प्रश्न मला प्रत्येक शाळेत विचारतात. गेलं. केरळची गीतू अ‍ॅना जोस. ऑस्ट्रेलियात क्लबसाठी खेळलेली, आपल्या राष्ट्रीय संघाची कर्णधार. २०११ मध्ये तिला शिकागो, लॉस एंजलिस आणि सॅन अँटोनिओ या तीन संघांनी चाचणीला बोलावलं. करार झाला नाही, पण दार कुठे आहे ते तिनं आपल्याला दाखवलं. आणि आपली पुण्याची शिरीन लिमये. २०१७ मध्ये बंगळुरूला कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून भारतानं आशिया चषकाचा दुसऱ्या विभागाचा किताब जिंकला, त्या संघात ती होती, पुढे भारताची कर्णधार झाली. आपल्याकडे रेल्वेची नोकरी मिळाली की घरचे म्हणतात, झालं, सार्थक झालं. ती नोकरी मिळवणाऱ्या मुलींबद्दल मला अपार आदर आहे. पण पहिलं वर्ष म्हणजे काय, हे अनुभवायला आपल्या मुलींना आपली पूर्णवेळ लीग हवी. मी जिवंत असताना ती व्हावी असं मला फार वाटतं.

पोर्टलंडचं राहिलं. नव्या संघाला त्यांनी नाव दिलंय जुनंच: फायर. चोवीस वर्षांनी. ती बातमी वाचली तेव्हा मला जॅकी स्टाइल्स आठवली.

आता मागचे दिवे कुणीतरी बंद करा. पडद्यावर मी तुम्हाला क्लार्कचा एकही थ्री-पॉइंटर दाखवणार नाही. १४ मे २०२४, तिचा पहिला सामना. तिनं २० गुण केले आणि दहा वेळा चेंडू घालवला. पदार्पणात इतक्या वेळा चेंडू लीगमध्ये कुणीही घालवला नव्हता. ते दहाही प्रसंग मी एकापाठोपाठ जोडून आणलेत. प्रत्येक ठिकाणी मी चित्र थांबवेन. चेंडूकडे बघू नका, पास घ्यायला कोण कुठे उभी होती ते बघा आणि हात वर करून मला सांगा. हं, हा पहिला.